भिंगातून गळालेले कुंपण

गेल्या एप्रिलच्या आरंभी तिरोडा तालुक्यातील जंगलालगतच्या एका गावातील स्त्रिया सलग तीन दिवस मोहफुले वेचायला गेल्या नाहीत. त्याला कारण झाले एक छायाचित्र. उंच पिवळ्या गवतात उभा राहून, मान किंचित वळवून, पाहणाऱ्याकडे थेट रोखून बघणारा पूर्ण वाढीचा वाघ. मागे पानगळ झालेले साग. आणि खाली कोणीतरी घातलेली एक ओळ, की हा वाघ काल सायंकाळी गावच्या तलावामागे दिसला. दिवस मावळायच्या आत ते छायाचित्र गावातील बहुतेक मोबाइलमध्ये जाऊन पोहोचले. वनरक्षक आले, त्यांनी तलावाचा काठ पायी फिरून पाहिला, पाऊलखूण आढळली नाही, आणि तसे त्यांनी लोकांना सांगितलेही. परंतु डोळ्यांदेखतच्या छायाचित्रापुढे वनरक्षकाच्या शब्दाची काय मातब्बरी? २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या, तेव्हापासून आमच्या भागात वाघाची चर्चा चावडीवरून हललेली नाही. त्या वाघिणींच्या गळ्यात रेडिओ पट्टे होते, हे लोकांना ठाऊक आहे. या चित्रातल्या वाघाच्या गळ्यात पट्टा नव्हता. म्हणजे हा नवाच असला पाहिजे, असा तर्क एका वृद्ध गृहस्थांनी मांडला. तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यात काहीही खोट नव्हती.

ते छायाचित्र माझ्याकडे आले तेव्हा मी ते पाहताक्षणी ओळखले, कारण ते काढले जात असताना प्रस्तुत लेखक छायाचित्रकाराच्या शेजारच्याच आसनावर बसला होता. फेब्रुवारीत आम्ही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची सहल नागपूरला नेली होती. सकाळी महाराजबाग आणि दुपारी गोरेवाडा असा कार्यक्रम होता. वाघ गोरेवाड्याच्या प्राणिउद्यानातला, कॅमेरा माझा, आणि बोट एका द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याचे. त्याने ते चित्र ‘आपला वाघ’ एवढेच दोन शब्द लिहून मित्रांना पाठविले. पुढे कोणीतरी त्यात तलाव घातला, आणखी कोणीतरी गाव घातले, वेळही घातली. मुलगा सरळ आहे. त्याच्या मनात कोणताही कावा नव्हता. शिवाय कुंपण चौकटीबाहेर जाईपर्यंत थांबण्याची आणि केवळ गवत व प्राणी एवढेच पकडण्याची युक्ती त्याला मीच शिकविली होती, आणि ती साधल्यावर त्याची पाठही मीच थोपटली होती.

शहरातील वाचकांना हे एका अफवेचे क्षुल्लक प्रकरण वाटेल. म्हणून मोहफुलांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. मोह रात्री गळतो आणि पहाटे वेचावा लागतो. उन्हे चढली की फूल खराब होऊ लागते, आणि त्याआधी गुरे, हरणे, अस्वले आपला वाटा घेतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. कारखान्यातील कामगाराने तीन दिवस संप केला तर यंत्र चौथ्या दिवशी जागेवरच असते. पण न वेचलेला मोह चौथ्या दिवशी कोणासाठी थांबत नाही. धानाचा पैसा केव्हाच संपलेला असतो, तेंदूपत्त्याचा हंगाम अजून लागायचा असतो, आणि त्या मधल्या फटीत घरातील स्त्रीच्या हाती येणारी रोकड ती हीच. अर्थशास्त्रात आम्ही ज्याला बाह्य परिणाम म्हणतो, म्हणजे एकाच्या कृतीची किंमत व्यवहाराशी संबंध नसलेल्या दुसऱ्यानेच मोजणे, त्याचे उदाहरण म्हणून मी आजवर कारखान्याच्या धुराचे देत आलो. तिरोड्यात औष्णिक वीजप्रकल्प असल्याने ते विद्यार्थ्यांना पटकन पटतेही. यापुढे मला दुसरे उदाहरणही देता येईल.

आता यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की प्राणिसंग्रहालयात कॅमेरे नेण्यावरच बंदी घालावी, किंवा पिंजऱ्यातील प्राण्याचे छायाचित्र काढणे हीच मुळी कनिष्ठ प्रतीची हौस आहे. दुसरे मत जंगलात हिंडणाऱ्या हौशी मंडळींकडून वारंवार ऐकू येते. ते मला मान्य नाही. नागझिरा आमच्या उंबरठ्यावर आहे. १९७० साली ते अभयारण्य झाले, २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि चोरखमाऱ्याचे प्रवेशद्वार तर आमच्याच तालुक्यात आहे. तथापि उंबरठ्यावरील या जंगलात शिरण्यासाठी जिप्सीचे भाडे, वाटाड्याचे मानधन, प्रवेशशुल्क आणि कॅमेऱ्याचे शुल्क यांची बेरीज केली, तर लिपिकाच्या कुटुंबाला ती वर्षातून एकदाही परवडू नये अशी होते. आणि इतके करून वाघ दिसेलच असे नाही. महाराजबागेत तोच लिपिक रेल्वेने जाऊन, मुलाबाळांसह, डबा खाऊन संध्याकाळच्या गाडीने परत येऊ शकतो. प्राणिसंग्रहालय ही गरिबाची जंगलसफर आहे, आणि तिच्याकडे नाके मुरडण्याचा अधिकार निदान ज्यांच्या खिशाला ती दुसरी सफर परवडते त्यांना नाही.

लांब पल्ल्याच्या झूम लेन्सने या गरिबाच्या सफरीत खरोखरच क्रांती केली आहे. पूर्वी अशी लेन्स म्हणजे हातभर लांबीचे, खांद्यावर वाहण्याचे आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांजवळच दिसणारे यंत्र होते. २०१५ साली एका जपानी कंपनीने ८३ पट झूमचा, न बदलता येणाऱ्या लेन्सचा, हातात मावेल असा कॅमेरा काढला आणि खंदकापलीकडच्या वाघाच्या मिशा मोजणे शाळामास्तरांच्याही आवाक्यात आले. माझ्याजवळ आहे तो याच जातीचा, तोही जुन्या बाजारातून घेतलेला. त्याचा एक लाभ मला विशेष वाटतो. ज्याच्याजवळ लेन्स लांब आहे त्याला कठड्यावर चढण्याचे, प्राण्याला हाका मारून वळविण्याचे, शेंगदाणे फेकण्याचे कारण उरत नाही. संग्रहालयातील प्राण्याला चिडविणे, खाऊ घालणे किंवा आवाज करून त्रास देणे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८ ज कलमाने निषिद्ध आहे. परंतु त्या कलमाचे पालन दंडाच्या भयाने होते त्याहून अधिक दूरच्या भिंगाने होताना मी पाहिले आहे. दूर उभे राहून तासभर वाट पाहणारा माणूस प्राण्याला उपद्रव देत नाही, आणि त्या तासात तो प्राण्याविषयी काही शिकतोही.

या कामात कसबही थोडे नाही. हात किंचित हलला तरी लांब लेन्समध्ये चित्र पुसट होते. म्हणून लेन्सचे नाभीय अंतर सहाशे मिलिमीटर असेल तर निदान एक सहाशांश सेकंदाइतका जलद उघडझाप ठेवावा, असा जुना दंडक आहे. आधारासाठी बाजारात महागड्या पिशव्या मिळतात. मी जुन्या पायजम्याच्या पायात धान भरून शिवलेली पिशवी कठड्यावर ठेवतो आणि तिच्यावर कॅमेरा टेकवितो. काचेआडचा प्राणी असेल तर गडद सदरा घालून जावे, म्हणजे आपलेच प्रतिबिंब वाघाच्या पाठीवर उमटत नाही. सगळ्यात मौजेची गोष्ट जाळीची. लेन्स जितकी लांब, तिचे छिद्र जितके मोठे उघडलेले आणि प्राणी जाळीपासून जितका मागे, तितकी लेन्सजवळची तार अधिक विरघळते. इतकी, की चित्रात तिचा मागमूस राहत नाही. फक्त जाळीवर ऊन नको, नाहीतर सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा चढतो. सावलीतली तार शोधावी, कॅमेऱ्याने आपणहोऊन तारेवरच नजर रोखू नये म्हणून नजरेचा बिंदू प्राण्याच्या डोळ्यावर नेमून द्यावा, आणि थांबावे. तार नाहीशी होते तो क्षण पहिल्यांदा अनुभवला तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला होता, हे कबूल केले पाहिजे.

पण तार नाहीशी झाली ती चित्रातून. वाघाच्या पुढ्यातून ती हललेली नाही. गोरेवाड्यात तर प्रश्न अधिकच बिकट होतो. २६ जानेवारी २०२१ रोजी उघडलेल्या या उद्यानात वाघ पिंजऱ्यात नसून कुंपण घातलेल्या विस्तीर्ण झाडीत असतो आणि माणसे बसमध्ये. कुंपण इतके दूर, की ते विरघळविण्याचेही श्रम नकोत. चौकट थोडी आवळली की ते आपोआप बाहेर राहते. गवत विदर्भाचे, साग विदर्भाचा, माती तीच. त्या चित्राला नागझिऱ्याचे म्हणा, उमरेडचे म्हणा, नाहीतर कोणत्याही गावाच्या तलावामागचे म्हणा. चित्र स्वतः होऊन तुम्हाला खोटे पाडणार नाही.

सांख्यिकीचा पहिला धडा असा, की नमुना लहान असला तरी चालेल, पण तो कोठून व कसा घेतला हे सांगितले पाहिजे. सहाशे मिलिमीटरची लेन्स सभोवतालच्या ३६० अंशांपैकी जेमतेम ४ अंश टिपते. उरलेल्या ३५६ अंशांत काय काय असते? जाळी असते, खंदक असतो, नावाची पाटी असते, मांसाची बादली घेऊन येणारा रखवालदार असतो, आणि त्याच त्या आठ पावलांच्या वाटेवर येरझारा घालून पडलेला मातीचा पट्टा असतो. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१८ साली महाराजबागेची मान्यता काढून घेतली आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे नागपूरकरांना आठवत असेल. असे वाद ज्या गोष्टींवरून होतात, म्हणजे पिंजऱ्याची लांबीरुंदी, सावली, पाणी, भिंती, त्यांतील एकही गोष्ट त्या ४ अंशांत मावत नाही. शेकडो हौशी लोक दर रविवारी तेथे छायाचित्रे काढतात. आणि त्या शेकडो छायाचित्रांवरून तो पिंजरा कसा होता हे उद्या कोणाला सांगता येणार नसेल, तर आपण नेमके कशाची नोंद केली?

याहून बोचणारे उदाहरण ‘साहेबराव’ या वाघाचे आहे. २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलात शिकाऱ्यांच्या फासात त्याचा पाय सापडला आणि तो कायमचा अधू झाला. पुढे तो नागपुरात राहिला. जानेवारी २०२० मध्ये गोरेवाड्यात डॉक्टरांनी त्याला कृत्रिम पाय बसविण्याचा प्रयोग केला. साहेबरावाने तो थोड्याच वेळात काढून टाकला. अशा वाघाचा नुसता चेहरा लांब लेन्सने टिपला तर तो राजबिंडाच दिसेल. त्याचे सगळे चरित्र पायात आहे, आणि पाय चौकटीखाली राहतात. आमच्या पूर्व विदर्भातील बंदिस्त वाघ-बिबट्यांपैकी कितीतरी असेच असतात: कोणी फासातून सुटलेला, कोणी विहिरीतून काढलेला, कोणी माणसावर हल्ला केला म्हणून जंगलातून उचललेला. ते तेथे का आहेत या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आमच्याच गावांच्या सीमेवर सापडते. जाळी पुसली की तो प्रश्नही पुसला जातो.

चौकट कापण्याने काय होऊ शकते याचा एक जुना दाखला ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर सापडतो. तेथे पाठीवर पट्टे असलेला, कांगारूप्रमाणे पोटाच्या पिशवीत पिले वाढविणारा एक मांसाहारी प्राणी होता. थायलसिन हे त्याचे नाव. लोक त्याला वाघच म्हणत. तो मेंढ्या मारतो या समजुतीने तेथील सरकारने १८८८ ते १९०९ या काळात प्रौढ प्राण्यामागे एक पौंड बक्षीस दिले आणि २,१८४ बक्षिसे वाटली. मग १९२१ साली हेन्री बरेल यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले: तोंडात कोंबडी धरलेला थायलसिन. कोंबडीचोर म्हणून त्याची आधीच झालेली अपकीर्ती त्या चित्राने पक्की केली. मूळ चित्र पुष्कळ वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले तेव्हा ध्यानात आले की त्याच्या मागे कुंपण होते. प्रसिद्ध करताना ते कापून टाकले होते. तो प्राणी जिवंत होता की पेंढा भरलेला, याविषयीसुद्धा आता शंका घेतली जाते. बक्षीस तोवर बंद झाले होते, तेव्हा या एका चित्राने थायलसिन नामशेष झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याच्या बाजूने बोलणारे फार थोडे उरले, त्याला अशा चित्रांचा हातभार लागला नाही असेही म्हणवत नाही. कायद्याचे संरक्षण त्याला जुलै १९३६ मध्ये मिळाले. शेवटचा ज्ञात थायलसिन ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

मात्र याच कथेची दुसरी बाजू प्राणिसंग्रहालयातील छायाचित्रणाच्या बाजूने साक्ष देते. थायलसिन चालतो कसा, जबडा उघडतो कसा, हे आज आपल्याला कळते ते १९३३ साली डेव्हिड फ्ले यांनी त्याच होबार्टच्या पिंजऱ्यात केलेल्या चित्रीकरणामुळे. (चित्रीकरण चालू असता त्या प्राण्याने फ्ले यांना मागून चावा घेतला. लांब लेन्स नसण्याचे तोटे!) झेब्र्याच्या कुळातील, अर्ध्या अंगावरच पट्टे असलेला क्वागा १८८३ साली ॲम्स्टरडॅमला संपला, जिवंत क्वागाची जी मोजकी छायाचित्रे जगाजवळ आहेत ती सगळी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एकाच मादीची आहेत. त्या चित्रांत मागची भिंत दिसते, आवार दिसते. ते लपवावे असे ती काढणाऱ्यांना वाटले नाही, आणि म्हणूनच त्या चित्रांवर आज विसंबता येते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. छायाचित्र ही कला आहे, तलाठ्याचा पंचनामा नव्हे. चित्रकाराला नको ते वगळण्याचे स्वातंत्र्य असते, मग छायाचित्रकारालाच का नसावे? ते अवश्य असावे. मी कुंपण चित्रात ठेवा असे म्हणत नाही. कुंपण वगळले असेल तर चित्राखाली ते लिहा, एवढेच म्हणतो. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत २००९ साली कुंपणावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला पहिले पारितोषिक मिळाले होते. तो लांडगा रानटी नसून पाळलेला, शिकविलेला असावा अशी परीक्षकांची खात्री झाल्यावर जानेवारी २०१० मध्ये ते परत घेण्यात आले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. चित्राच्या सौंदर्यात मात्र त्या निर्णयाने काडीचाही फरक पडला नाही. वाद सौंदर्याचा नव्हताच. तो त्या सौंदर्यासोबत दिलेल्या शब्दाचा होता. आमच्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर पुस्तक लिहिले, मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून या परिसरात उमेदीची वर्षे घालविली. त्यांच्या पिढीजवळ लांब लेन्स नव्हती. निरीक्षणाला स्थळकाळ जोडण्याची सवय मात्र होती.

गावाचे नाव ज्याने घातले तोच दोषी, असेही मला काही सहकाऱ्यांनी समजाविले. तो दोषी आहेच. परंतु कोऱ्या धनादेशावर सही करून तो कोणी रस्त्यात टाकला आणि दुसऱ्याने त्यावर रक्कम लिहिली, तर सही करणाऱ्याला सर्वस्वी निर्दोष कोण म्हणेल? स्थळ न लिहिलेले वाघाचे चित्र हा आमच्या भागात असा कोरा धनादेश आहे. शिवाय ग्रेशमचा सिद्धांत अकरावीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो: खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हाकलून देते. अशी दोनचार चित्रे फिरली, खोटी ठरली, की पुढे एखाद्या पहाटे वनखात्याने खऱ्या वाघाचे खरे चित्र पाठवून सावध केले तरी लोक हसून मोहाच्या झाडाखाली जातील. तीन दिवसांचा मोह बुडाला त्यापेक्षा मला या शक्यतेची धास्ती अधिक वाटते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. कॅमेऱ्याचे शुल्क घेऊन जे तिकीट दिले जाते त्याच्या पाठीमागे संग्रहालयांनी दोन ओळी छापाव्यात, की येथील प्राण्याचे चित्र प्रसिद्ध करताना वा पाठविताना उद्यानाचे नाव व तारीख लिहावी. गोरेवाड्याला हे सहज करता येईल, कारण उद्यानाची जाहिरातही त्यात आपोआप होते. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींत शिक्षकांनी याचा पाठ बसल्या जागी द्यावा. सहलीचा अहवाल लिहून घेतो तसा चित्राचा मथळाही लिहून घ्यावा. आणि ज्यांच्याजवळ झूम लेन्स आहे त्यांनी प्रत्येक प्राण्याची दोन चित्रे काढावीत: एक लेन्स पूर्ण लांबवून, दुसरे ती पूर्ण आखडून, त्याच जागेवरून. झूम लेन्सचा अर्थच मुळी असा, की ती दोन्हीकडे फिरते.

त्या गावात मी आणि तो विद्यार्थी चौथ्या दिवशी गेलो. शाळेच्या ओट्यावर बसून त्याने सहलीची सगळी चित्रे क्रमाने दाखविली: बस, तिकीटखिडकी, कुंपण, मग तोच वाघ. एक आजी बराच वेळ कुंपणाच्या चित्राकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, हे आधी नाही का पाठवायचं बाप्पा?” मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे स्त्रिया टोपल्या घेऊन निघाल्याचे नंतर कळले.

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर आता ती दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावलेली आहेत. एकात वाघाचा चेहरा. दुसऱ्यात कुंपण, धुळीचा रस्ता, बसच्या काचेवर नाक टेकवलेली पोरे, आणि कोपऱ्यात धानाची पिशवी मांडीवर घेऊन तोंड उघडे टाकून वाघ बघणारे त्यांचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. गर्दी दुसऱ्या चित्रापुढेच अधिक असते.